चोरपाणी

‘टिपली’ हा एक शब्द मी खोटा बोललो आणि त्यापायी माझ्या मेहुणीचं ठरत आलेलं लग्न मोडायची पाळी आली. या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. घरात ती अजून सांगितली जाते, आणि सांगणारे सगळे माझ्याकडे बघत सांगतात. माझ्या तोंडून ती कधीच सबंध बाहेर आली नव्हती, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पोलादपूरला शाळेत मराठी शिकवत होतो. सासुरवाडी महाडला, एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती. लहानशीच, पण गडद निळी. विकणारा सांगत होता, पांढरी घ्या, पाण्याचे डाग दिसत नाहीत. मामा त्याला म्हणाले, “दिसले नाहीत तर काढणार कसे?”

गाडी धुण्याबद्दल मामांचं फारसं म्हणणं नव्हतं. धुणं म्हणजे त्यांच्या लेखी वीस मिनिटांचं हमाली काम. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. पाणी ओतून झालं की ते बादली लांब ठेवायचे, हात कोरडे करायचे आणि दोरीवरून फडकी काढायचे. ही फडकी म्हणजे त्यांच्या वडिलांचं जुनं धोतर. कित्येक धुण्यांनी ते इतकं मऊ झालं होतं की हातात घेतलं तरी आहे की नाही कळू नये. त्याचे चार तुकडे केले होते. दोन ओल्याला, दोन कोरड्याला.

“पुसायचं नाही, टिपायचं,” मामा मला पहिल्या दिवशी म्हणाले. “पुसलंत तर पाणी इकडचं तिकडे जातं. टिपलंत तर फडक्यात येतं. न्हाऊ घातलेल्या बाळाचं डोकं कसं टिपतात?”

तोवर मी बाप झालो नव्हतो, पण मान हलवली.

आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, सगळ्यात शेवटी चाकांजवळचा भाग. वरचं पाणी खाली येतं, खालचं वर जात नाही, हे मामांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत अनुभवलेलं होतं. हे सगळं सावलीत. उन्हात गाडी धुणारा माणूस आणि उन्हात लोण्याचा गोळा ठेवणारा माणूस त्यांना सारखेच वाटत. सगळं टिपून झालं की मामा गाडी सुरू करून नाक्यापर्यंत एक चक्कर मारून यायचे आणि फाटकाशी मुद्दाम कचकन ब्रेक लावायचे. मग आरशांच्या मागून, दाराच्या कडीखालून, डिकीच्या रबरातून, नंबरपाटीच्या आडून पाणी बाहेर यायचं. आत्तापर्यंत दडून बसलेलं. त्याला मामा चोरपाणी म्हणत. “आपण आत जाऊन चहा प्यायला बसलो की हे गुपचूप बाहेर येतं आणि ओघळ पाडून जातं,” ते सांगत. चोरपाणी टिपलं की मग चहा.

सासूबाई, म्हणजे मामी, दारातून म्हणायच्या, “जन्मभर पाणी अडवलं, आता पाणी टिपत बसलेत. सूनमुखासारखी गाडी बघतात रोज सकाळी.”

मला सांगायला हवं की मामांचा माझ्यावर फार विश्वास होता. त्याचं कारण मी शिक्षक होतो इतकंच असावं. गाडी चालवायला शिकलो तीही त्यांच्याच गाडीवर. ते कुणालाही किल्ली देत नसत, मला देत.

डिसेंबरची सुरुवात असेल. घरात माझ्या धाकट्या मेहुणीच्या लग्नाचं चाललं होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत केमिस्ट असलेला मुलगा. मुलाने तिला आधीच पाहिलं होतं, एका ओळखीच्यांच्या पूजेत, आणि तिने त्याला. पसंती कुणी विचारायच्या आधीच झालेली होती. मामांची मात्र कुरकुर होती: पाळीची नोकरी, कधी दिवस कधी रात्र, हातांना औषधांचा वास. तरी ते हळूहळू वळत होते. पुढच्या रविवारी मुलाकडची मंडळी रीतसर बघायला येणार होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी, मामांनी मला कापड्याला पाठवलं. तिथे त्यांची थोडी भातशेती होती, ती कसणाऱ्याकडून नव्या तांदळाच्या दोन गोण्या आणायच्या होत्या. “गाडी घेऊन जा,” मामा म्हणाले. “आणि आणताना धुऊन आणा. टिपून.”

जाताना काही झालं नाही. येताना गावाबाहेरच्या ओढ्यात एक म्हैस बसली होती. मी हॉर्न वाजवला. म्हैस सावकाश उठली, गाडीच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने शिंगापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं. गाडीची डावी बाजू दिसेनाशी झाली. उजवी बाजू भाताच्या तुसाने आधीच भरलेली होती.

पोलादपूरला माझ्या खोलीवर त्या दिवशी पाणी आलेलं नव्हतं. महाडला मामांच्या दारात ही अशी गाडी नेऊन उभी करायचा धीर होत नव्हता. हायवेने महाडच्या कडेकडेने जाताना मला एकदम सवची आठवण झाली. सवला गरम पाण्याचे झरे आहेत, सगळ्यांना ठाऊक आहेत. खरूज, गजकर्ण, अंगदुखी असलेली माणसं लांबून तिथे आंघोळीला येतात. माझ्या मनात आलं, गरम पाण्याने तेलकट भांडी निघतात, मग हा चिखल का निघणार नाही? आणि जे पाणी माणसाची कातडी नीट करतं ते पत्र्याचं काय वाईट करील? शिवाय गरम पाणी आपलं आपण वाळतं. मराठीचा शिक्षक विज्ञानात शिरला की असं होतं.

तिथे गाडी कडेला लावून मी डिकीतली बादली काढली आणि कुंडाच्या बाहेर वाहून जाणारं पाणी भरभरून ओतू लागलो. पाण्यातून वाफ येत होती. चिखल खरंच भराभर निघाला. दगडावर एक म्हातारे गृहस्थ उघड्याने बसून पायाला पाणी लावत होते. त्यांनी बराच वेळ बघून घेतलं.

“पावन्या, गाडीला पन गजकर्ण झालाय काय रे?”

“चिखल लागलाय हो आजोबा.”

“मंग पुसून घे लगीच. ह्यो पानी लय खारा हाय. माजा लोटा बघ.” त्यांनी शेजारचा पितळी लोटा उचलून दाखवला. तो आत-बाहेर पांढरा झाला होता, चुना लावल्यासारखा. “घासून घासून बायको दमली, पन नाय जात.”

धोतराची फडकी मागच्या सीटवर होती, चारही, घडी घातलेली. मी फडक्यांकडे बघितलं. मग झऱ्याकडे बघितलं. दुपारपासून गाडी हाकून पाय आंबले होते. पाय पाण्यात सोडून पाचच मिनिटं बसू, मग टिपू, असं ठरवून मी बसलो. उठलो तेव्हा गाडी वाळलेली होती. दिवस मावळायला आला होता, त्या उजेडात ती मला स्वच्छ दिसली. खरं सांगायचं तर मी नीट बघितलंच नाही. बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

अंधार पडता पडता मी मामांच्या दारात गाडी लावली. माझी बायको आदल्या दिवसापासून माहेरीच होती. मामा ओट्यावर बसले होते.

“धुतली?”

“धुतली.”

“टिपली?”

तेवढं विचारून ते किल्लीसाठी हात पुढे करत होते. मी किल्ली दिली आणि म्हणालो, “टिपली.”

रविवारी सकाळी मामांची हाक ऐकून मी जागा झालो. ती हाक कुणाला उद्देशून नव्हती. बाहेर जाऊन बघतो तर गाडीचं रूप बदललेलं. टपावर पांढरी वर्तुळं, बॉनेटवर वर्तुळं, आरशांखालून, कड्यांखालून, काचांच्या रबरांखालून पांढरे ओघळ खालपर्यंत. निळ्या गाडीवर कुणी तांदळाच्या पिठाने रांगोळी काढायला घेऊन मधेच सोडली असावी तसं.

मला त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मामा वळून मला म्हणाले, “जावईबापू, तुम्ही काल स्वतः टिपलीत. म्हणजे हे रात्रीत झालंय.” आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

रात्रीत झालं म्हणजे आभाळातून पडलं. आभाळातून पडलं म्हणजे धूर. धूर म्हणजे कंपनी. मामांनी हा हिशेब ओट्यावर उभ्या उभ्या केला. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, “रात्री मला वास आला होता खरा.” त्यांना दसऱ्यापासून सर्दी होती, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही.

“कुठल्या कंपनीत आहे तो मुलगा?” मामांनी विचारलं. ठाऊक असून विचारलं.

आत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. मेहुणी तिथे होती.

नंतर मामांनी मला कागद-पेन आणायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं. त्यांनी कंपनीच्या व्यवस्थापकांच्या नावे अर्ज सांगितला, मी लिहिला. ‘आपल्या कारखान्यातून रात्री सुटणाऱ्या आम्लयुक्त वायूमुळे माझ्या वाहनाची अपरिमित हानी झाली असून’ हे वाक्य मामांचं नाही, माझं आहे. ते नुसतं ‘गाडी खराब झाली’ म्हणाले होते. मी लिहायला बसलो की मला आवरत नाही. मामांनी अर्ज दोनदा वाचला, खूश झाले आणि म्हणाले, “पोस्टात नाही टाकायचा. रविवारी त्या मुलाच्याच हातात देतो. बघू काय करतो. ज्यांच्या धुराने माझी गाडी ही अशी केली, त्यांच्या दारात मी मुलगी द्यायची की नाही, ते तिथेच ठरेल. तोवर गाडीला कुणी हात लावायचा नाही. पुरावा आहे तो.”

दुपारी मेहुणी मला परसात गाठून म्हणाली, “भावोजी, बाबा फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुम्ही कधी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत आहे.”

मी म्हणालो, “बघतो.” दुसरं काय म्हणणार होतो ते आजही सुचत नाही.

सोमवारी पोलादपूरला परत गेलो. वर्गात निबंध दिला, तपासताना लक्ष लागेना. बुधवारी मला उपाय सापडला. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना एका बाईंनी लिंबू कापलं, त्याचा रस स्टीलच्या जुन्या पेल्यावर पडला आणि पेल्याचा पांढरा डाग निघाला. मी उरलेलं अर्धं लिंबू खिशात घातलं, संध्याकाळची एसटी पकडली आणि महाडला उतरलो. मामा फिरायला गेले होते. मी गाडीच्या मागच्या बाजूला बसून लिंबू घासलं. तळहाताएवढी जागा लख्ख निळी झाली. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच हसलो. मग कोपऱ्यावर मामांच्या चपलांचा आवाज आला आणि मी भिंतीवरून उडी मारून मागच्या गल्लीने एसटी स्टँडवर आलो. पस्तिशीला टेकलेला शिक्षक. लेंग्याला फाटलेली जागा आहे अजून. तो लेंगा आम्ही फरशी पुसायला घेतला.

गुरुवारी सकाळी मामींचा शाळेत फोन आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं राहून मी ऐकला. “अहो, काल रात्री कुणीतरी गाडीशी छेडछाड करून गेलं. हे म्हणतायत कंपनीचाच माणूस. पुरावा पुसायला आला होता. तो मुलगाच आला असेल म्हणतायत. रविवारी यायला नकोच म्हणून निरोप पाठवणार होते, पण मी अडवलंय.”

मी लिंबू घासलं ते त्याला वाचवायला, आणि ते बसलं त्याच्याच अंगावर.

शनिवारी शाळा सुटल्यावर महाडला गेलो. बायको मला बाजूला घेऊन गेली. सकाळीच तिने गाडी नीट बघितली होती.

“हा खार आहे,” ती म्हणाली. “आपल्या बंबाच्या तोटीला बसतो तसा. आणि तांदळाच्या गोणीजवळ बादली ठेवली होतीत ना, तिच्या तळाला पण आहे. कुठे नेली होतीत गाडी? सवला?”

मी मान हलवली.

“टिपली होतीत?”

मी मान हलवली, आडवी.

तिने कपाळाला हात लावला आणि तसाच ठेवून थोडा वेळ हसली, आवाज न करता. मग हात काढला. “उद्या ती मंडळी जायच्या आत तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर मी सांगेन. मी सांगितलं तर फोडणी घालून सांगेन.”

रविवारी दहाच्या सुमाराला मुलगा, त्याची आई आणि त्याचे काका आले. मुलगा उंच, थोडा वाकून चालणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. मामांनी त्यांना घरात घेतलंच नाही. “आधी इकडे या,” म्हणाले, आणि तिघांना गाडीजवळ नेलं. खिशातून अर्ज काढला आणि मुलाच्या हातात दिला. “वाचा.”

मुलाने अर्ज वाचला. ‘अपरिमित हानी’पाशी त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्याने तो घडी करून मामांना परत दिला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. खाली बसून दाराखालचा ओघळ बघितला, नखाने खरवडला, बोट जिभेला लावलं.

त्याची आई म्हणाली, “अरे, काय करतोस! पहिल्यांदा आलोय आपण.”

“हे धुराने झालेलं नाही,” मुलगा म्हणाला. “आभाळातून पडलं असतं तर सगळीकडे सारखं पडलं असतं. हे ओघळ आहेत बघा, आरशापासून खाली. पाणी साचून राहिलं आणि हळूहळू उतरलं, तसे. पाणी खारं होतं, आणि कुणी टिपलं नाही.”

मामा म्हणाले, “तुम्ही तुमच्या कंपनीची बाजू घेणार.”

“कंपनीची बाजू घ्यायला कंपनीने माणसं ठेवलीत. मी फक्त पाण्याचं सांगतोय.”

“माझ्या जावयांनी स्वतःच्या हाताने टिपली ही गाडी. त्यांना मी विचारलं, ते म्हणाले, टिपली. आता तुमचं खरं मानू की त्यांचं?”

मुलाने माझ्याकडे बघितलं. मग मागच्या बाजूच्या तळहाताएवढ्या निळ्या जागेकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, अगदी स्पष्ट कळलं होतं. तो म्हणाला, “त्यांनी टिपली म्हणतायत तर टिपली असेल. माझी चूक होत असेल.”

मामांनी मान वळवून काकांकडे बघितलं, निरोप देताना बघतात तसं. दारात मेहुणी उभी होती, हातात ट्रे, कपांतून वाफ येत होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मग माझ्याने राहवेना.

“मामा, मी टिपली नाही.”

“काय नाही?”

“गाडी. मी सवला नेली. म्हैस अंग झाडून गेली म्हणून. तिथल्या पाण्याने धुतली आणि पाय पाण्यात सोडून बसलो. एका आजोबांनी सांगितलं होतं टिपून घे म्हणून, तरी बसलो. आणि बुधवारी लिंबू मी घासलं. भिंतीवरून उडी मारली ती मी. यांनी काही केलेलं नाही.”

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा सुरू झालं की माझं थांबत नाही. मी पुढे सांगितलं की गेल्या गणपतीत गाडीच्या रेडिओचं बटण माझ्या हातून तुटलं होतं आणि मी ते डिंकाने चिकटवलं होतं. मामींच्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला होता तोही मीच, आणि बुरशी आली तेव्हा मांजराचं नाव मी घेतलं होतं. लग्नात माझी उंची एक इंच वाढवून सांगितली होती. बायकोने मागून माझा शर्ट ओढला आणि म्हणाली, “पुरे. त्यांना चहा प्यायचाय.”

मुलाचे काका इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, “चमचा ओला घालायचा नसतो.”

मामा माझ्याकडे बघत नव्हते. गाडीकडे बघत होते. तसेच म्हणाले, “दोन गोण्या तांदूळ आणायला पाठवलं होतं. तुम्ही गाडीला तीर्थस्नान घालून आणलीत.” मग अर्ज फाडला, चार तुकडे केले आणि ते तुकडे माझ्या खिशात घातले. मुलाकडे वळले. “तुम्हाला कळलं होतं ना? मग माझी चूक होत असेल असं का म्हणालात?”

मुलगा म्हणाला, “घरातला माणूस आहे. चारचौघांत कसं बोलणार?”

“आणि लग्न मोडलं असतं तर?”

मुलगा कानापर्यंत लाल झाला. “ते मी परत येऊन बोललो असतो. तुम्ही एकटे असताना.”

मुलगा बाह्या दुमडू लागला. “घरात आमसुलं आहेत का? लिंबू नको, जास्त वेळ राहिलं तर रंगाला बाधतं. आमसुलाचं पातळ पाणी करून लावू, लगेच साध्या पाण्याने काढू. भावोजी, तुम्ही बादली घ्या.”

तो मला भावोजी म्हणाला. अजून सुपारीही फुटली नव्हती. दारात ट्रे किंचित हलला.

मग ते बघण्याचा कार्यक्रम अंगणातच झाला. मंडळींना खुर्च्या बाहेर आणून दिल्या. पोहे बाहेर आले. मेहुणीने चहा दिला तो मुलाने ओल्या हाताने घेतला, आणि त्याने विचारायचे ते चार प्रश्न तिनेच विचारले, कारण तो चाकाजवळ वाकलेला होता. त्याची आई मामींना म्हणाली, “घरी ताट उचलत नाही हो. आज काय झालंय त्याला!”

मामा खुर्ची पुढे ओढून बसले होते. मुलाने आमसुलाचं पाणी लावलं, काढलं, गाडी सावलीत ढकलायला लावली. मग धोतराचं फडकं उचललं. मला वाटलं आता पुसणार. त्याने फडकं पसरून टपावर ठेवलं, वरून दोन्ही तळहात दाबले आणि उचललं. मग शेजारी ठेवलं. पुन्हा दाबलं. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. टप झाला, काचा झाल्या, बॉनेट झालं. मी डावी बाजू करत होतो आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून तो कसा करतो ते बघत होतो. शेवटी त्याने आरशाच्या मागे बोटाला फडकं गुंडाळून घातलं आणि विचारलं, “किल्ली देता का? एक चक्कर मारून आणतो. आत राहिलेलं बाहेर येईल.”

मामांनी किल्ली दिली. ती देताना ते कुणाकडेही बघत नव्हते, पण त्यांनी ती लगेच दिली.

गाडी नाक्याकडे गेली तसे मामा काकांना म्हणाले, “मुलगा आम्हाला पसंत आहे. पहिला जावई परत घेणार असाल तर तेवढं बघा.”

काकांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. “वापरलेला आहे. परत घेत नाहीत.”

सगळे हसले. मीही हसलो. मेहुणी मात्र हसली नाही. मंडळी गेल्यावर मी परसात हात धूत होतो तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“एक शब्द होता भावोजी,” ती म्हणाली. “‘नाही टिपली.’ दोन धरा. त्याला आठ दिवस लागले? मी रोज रात्री देवापाशी दिवा लावत होते. नऊवारी लुगडंसुद्धा दोन तासांत वाळतं.”

मी तिला सांगणार होतो की मला भीती वाटली, मामांचा विश्वास जाईल याची, आणि तिचं लग्न त्यापुढे मला आठ दिवस लहान वाटलं. हे खरं होतं, आणि तेवढंच मी अंगणात सांगितलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं. ती ऐकत उभी राहिली.

मग मी म्हणालो, “थंडीचे दिवस आहेत. वाळायला वेळ लागतो.”

ती लगेच हसली नाही. आधी मला पंचा दिला, आणि मी हात नीट कोरडे करीपर्यंत तिथेच उभी राहिली.